खिल्लारे सरांची बिनकुलपाची दारं

खिल्लारे सर दुकानात गेले की बोलत नसत. बोट दाखवत.

आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटसमोर रशीदभाईचं हॉटेल होतं. सर गल्ल्यासमोर उभे राहायचे, आधी किटलीकडे बोट, मग ग्लासाकडे, मग खारीच्या बरणीकडे. चहा प्यायचे आणि निघून यायचे. रशीदभाईची खात्रीच झाली की हा गृहस्थ मुका आहे. बिचारा त्यांना चहावर जास्तीची साय घालून द्यायचा. एक दिवस तो माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "माणिकशेठ, मुक्या माणसाला मास्तर ठेवलंय तुमी. पोरींना शिकवतो कसा?" तेवढ्यात आतल्या खोलीतून सरांचा आवाज आला, "अगं बाई, ते बटण न्हाई, त्याच्या शेजारचं." रशीदभाई माझ्याकडे असं बघत राहिला की जणू मीच त्याला फसवलं. दुसऱ्या दिवसापासून साय बंद झाली.

मी सरांना विचारलं, हा काय प्रकार आहे.

"बघायलोय, माणिकशेठ. न बोलता माणसाचं किती काम होतंय ते."

हे बघण्यासाठी ते भाजीबाजारात जाऊन तासभर उभे राहायचे. घ्यायचे काही नाहीत. कोण कसं दाखवतं एवढंच बघायचे. आल्यावर मला सांगायचे, की शेतकरी हनुवटीनं दाखवतो, कापसाचा दलाल भुवईनं, कचेरीतला साहेब स्कूटरच्या किल्लीनं, आणि बाया सगळ्या बोटानं. "बोटच खरं," ते म्हणायचे. मी म्हणायचो, "येताना वांगी तरी आणायची."

आता मी कोण, ते सांगतो. गंगाखेडहून एसटीच्या टपावर एक जुना टाइपरायटर टाकून मी परभणीला आलो आणि कोर्टासमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज टाइप करायला लागलो. तिथून स्टेशन रोडवर स्वतःची इन्स्टिट्यूट, दोन रांगांत मशिनी, वर पाटी. यातलं एकही मशीन मी विकणाऱ्याने सांगितलेल्या भावाला घेतलेलं नाही. समोरचा थकेपर्यंत घासाघीस करायची, आवाज चढवायचा, उठून चालायला लागायचं, आणि त्याने हाक मारली की परत बसायचं. माझा सौदा कधी फिसकटला नाही. एकदाच फिसकटला, आणि तो खिल्लारे सरांनी फिसकटवला. ती गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हाची गोष्ट. हैदराबादला एक कचेरी बंद पडत होती आणि तिथला एक कॉम्प्युटर विकायला होता, असं कळलं. मी गेलो. मालकाला इतकं सतावलं की त्याने कॉम्प्युटरबरोबर टेबल, झाकण आणि स्टॅबिलायझरही दिला. परभणीत आणला, आतल्या खोलीत ठेवला, दाराला पडदा लावला, आणि मग लक्षात आलं की हे चालवतं कसं ते मला माहीत नाही.

चालवणारा माणूस शोधताना खिल्लारे सर सापडले. नाव उत्तम खिल्लारे. सोनपेठजवळच्या एका खेड्यातले. बी.एस्सी. होऊन हैदराबादला एका मोठ्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नोकरीला होते. बोलण्यात तिथलं 'हौ' आणि 'ठैरो' आलं होतं. ती नोकरी सोडून आले, कारण आई गाव सोडायला तयार नव्हती. सोनपेठला कॉम्प्युटर कुठून असणार. त्यातल्या त्यात जवळचा माझा. म्हणून आले. दर शनिवारी दुपारी पिशवीत आईची औषधं आणि पेढे घेऊन एसटी स्टँडवर जायचे.

त्या वेळचा कॉम्प्युटर म्हणजे काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. तिच्यापुढे इंग्रजीत हुकूम टाइप करायचा. एक अक्षर चुकलं की मशीन इंग्रजीतच दटावायचं. पोरी घाबरायच्या. टाइपरायटर बरा, तो चुकलं तरी छापतो.

सर आठवडाभर पोरींच्या मागे उभे राहून हे बघत होते. मग एक दिवस मला म्हणाले, "माणिकशेठ, ह्याच्यात माणूस उभा कुठंय?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. रशीदभाईने बाकं हलवली तरी विचारायचे, माणूस उभा कुठं राहील. मी इन्स्टिट्यूटची नवी पाटी रंगवून घेतली तेव्हाही तेच विचारलं. मी म्हणालो, "तुमचा माणूस उभा कुठं राहायचा तिथं राहू द्या, पाटी सरळ हाय का ते बघा."

"ह्या पडद्यापुढं माणूस अंधारात उभाय," सर म्हणाले. "आत काय हाय ते त्याला दिसत न्हाई. नाव घेऊन मागावं लागतंय. नाव चुकलं की हाकलून देतंय. मी चित्रं काढतो. बोट दाखवायचं, की काम."

मला वाटलं, दोनचार दिवसांचं खूळ असेल. ते पाच वर्षं चाललं.

पहिल्यांदा त्यांनी बोट काढलं. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन पेन्सिलीने काळा करायचे आणि मग तेच मशीनला आकड्यांत सांगायचे. हैदराबादच्या मित्राकडे एक मासिक होतं, त्यात विलायतेत कोणीतरी असंच केलेलं होतं, पण तिथे बोटाऐवजी बाण होता. सर चिडले. "बाण कशाला? शिकार करायचीय का?" त्यांनी पडद्यावर हाताचा पंजा काढला, एक बोट पुढे केलेला. पण बोट वाकडं निघालं. पहिल्या पेराशी डावीकडे वळलेलं. मी म्हणालो, "सर, बोट सरळ करा." ते म्हणाले, "हौ." केलं नाही. मग मी रोज सांगायचो आणि ते रोज 'हौ' म्हणायचे.

पडद्यावरचं ते बोट हलवायला माऊस लागतो. तो हैदराबादहून टॉवेलात गुंडाळून आला. पोटात एक गोळी, ती टेबलावर फिरली की वर बोट फिरतं. पण आमचं गाव कापसाचं. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की हवेतून तंतू उडायचे, गोळीला गुंडाळायचे आणि बोट जागच्या जागी थरथरायला लागायचं. सर माऊस उलटा करून गोळी काढायचे आणि हेअरपिनने आतला कापूस उपसायचे. हेअरपिन पोरींकडून मागून घ्यायचे. मागायचे म्हणजे, अर्थातच, तिच्या डोक्याकडे बोट दाखवायचे.

मग घर काढलं. त्या विलायती मासिकात पडद्यावर टेबल होतं, टेबलावर कागद, खाली कचऱ्याची टोपली. सर म्हणाले, "आपल्याकडं किती लोकांना टेबल हाय? घर सगळ्यांनी बघितलंय." म्हणून पडद्यावर दार असलेलं अंगण आलं. अंगणाला लागून ओसरी, ओसरीवर एक दार, त्याच्या आत माजघर, त्याच्या आत आणखी एक खोली. पत्रं लिहायची ओसरीवर. हिशोब माजघरात. जपून ठेवायचं ते कणगीत. आणि टाकून द्यायचं ते उकिरड्यावर.

"लोक हसतील," मी म्हणालो.

"कचऱ्याच्या टोपलीतलं गेलं की गेलं. उकिरड्यावरचं परत कामाला येतंय," सर म्हणाले. "चुकून टाकलं तर उकरून काढायचं."

उकिरडा राहिला.

दारांवरून मात्र आमचं भांडण झालं. विलायती लोक त्याला खिडकी म्हणायचे. सर म्हणाले, खिडकी नको. मी म्हणालो, सगळी दुनिया खिडकी म्हणते तर तुम्हाला काय होतंय. त्यांनी मला उठवलं आणि एसटी स्टँडवर नेलं. तिथे चौकशीची खिडकी होती, इतकी खाली की विचारणाऱ्याला कमरेत वाकून भोकाशी तोंड न्यावं लागे. आम्ही समोर उभे राहिलो. एक म्हातारा वाकला, एक बाई वाकली, एक चांगला बूट-पँटवाला वाकला.

"खिडकीपुढं माणूस वाकतो," सर म्हणाले. "दारात सरळ उभा राहतो. मला दार पाहिजे."

मशीनची ताकद बेताची. दार एकदम उघडायचं नाही, दुकानाचं शटर वर जावं तसं पट्ट्यापट्ट्यांनी उघडायचं. दोन दारं एकावेळी उघडली की मशीन गार पडायचं. सरांनी त्यावर वर्षभर डोकं लावलं आणि दोन दारं एकदम उघडायला लागली. पण हळू उघडतं ते उघडतंच. मग त्यांनी त्याला आवाज दिला. जुन्या बिजागरीचा. करर्र. "आता लोकांना वाटंल दारच जड हाय," म्हणाले. दिवसभर माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये करर्र करर्र चालायचं. रशीदभाई समोरून ओरडायचा, "माणिकशेठ, तेल घाला की दाराला." पण पोरींची भीती गेली. रिक्षातून उतरून पोरी विचारत यायच्या, दाराचा कॉम्प्युटर इथंच ना. माझी बॅच भरली. यात मी कोणावर उपकार केले असं म्हणत नाही. धंदा होता.

आणि मग पुण्याहून बापट साहेब आले. पतसंस्थांना कॉम्प्युटर विकणारे. कोणाकडून तरी ऐकून खास बघायला आले होते. सरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, माऊस हातात दिला आणि काहीही न सांगता मागे उभे राहिले. बापटांनी स्वतःच अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून माजघरात जाऊन हिशोब उघडला. उकिरडा बघून इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "खेड्यातल्या पतसंस्थेचा क्लार्क हे पहिल्याच दिवशी चालवील. मला पाहिजे."

मी बापटांना रशीदभाईकडे नेलं. दोन दिवस बोलणी. मी दोनदा उठून चाललो, दोनदा त्यांनी हाक मारली. शेवटी असा भाव ठरला की मला मनात सरांचा हात धरून नाचावंसं वाटलं. परत इन्स्टिट्यूटमध्ये आलो.

बापट म्हणाले, "दोनच बारीक गोष्टी. एक, ते बोट सरळ करा. दुसरं, दारांना कुलूप द्या. शिपाई उठून मॅनेजरच्या खोलीत जाईल, असं नको."

सर म्हणाले, "बोट असंच राहील. कुलूप बसणार न्हाई."

"अहो, कुलपाशिवाय दार म्हणजे काय?"

"दार."

मी हसलो, सर गंमत करतायत म्हणालो आणि त्यांना दाराच्या पडद्याबाहेर ओढलं. "सर, एक कुलूप. चार चौकोन काळे करायचे. बोटाचं मी बघतो, बोट वाकडं तर वाकडं."

"कुलूप लावलं की माणूस बाहेर उभा राहतो, माणिकशेठ."

"मग राहू द्या. पगार घेऊन राहतोय तो."

मी पडद्याच्या त्या बाजूला आवाज जाणार नाही इतपत आरडाओरडा केला. विनवलं. शेवटी ते म्हणाले, "बरं, कुलपाचं चित्र काढतो. पण किल्ली शेजारीच खुंटीला टांगतो. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी." मला वाटलं सुटलो. त्यांनी हे बापटांना अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. बापटांना वाटलं, आपली थट्टा चालली आहे. ते दुपारच्या गाडीने गेले आणि परत आले नाहीत.

मी सरांशी बोलणं सोडलं. सर तरी कुठे बोलत होते. मी हाताने खुणा करायचो, ते बोट दाखवायचे. रशीदभाई म्हणाला, "आता दोघं मुके झाले." मी त्यांना काढून टाकलं नाही, कारण बॅच भरत होती. दुसरं कारण नव्हतं.

ती वर्षं विद्यापीठाच्या नामांतराची. मधूनमधून बंद असायचा, रस्ता ओस, शटरं खाली. अशा दिवशी सर शटर अर्धं उचलून आत यायचे आणि एकटेच काम करत बसायचे. मी विचारायचो, "बाहेर काय चाललंय?" ते म्हणायचे, "चाललंय." आणि आतून आवाज यायचा, करर्र.

पुढे ते विलायती खिडक्यावालं रंगीत प्रकरण मोठ्या शहरांतून आमच्याकडेही आलं. पोरींचे बाप विचारायला लागले, तुमच्याकडं ते हाय का. मला नवीन मशिनी घ्याव्या लागणार होत्या आणि जुनं काढावं लागणार होतं. सरांची दारं त्या एका मशीनवरच चालायची, त्याच पडद्याच्या मापाने घडवलेली. जिंतूरच्या एका छापखानेवाल्याने इसार दिला. मंगळवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मशीन पुसून, नवीन प्रोग्राम घालून द्यायचं ठरलं.

सर माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बोट दाखवलं नाही. तोंडाने म्हणाले, "आठ दिवस ठैरो, माणिकशेठ."

"का?"

"आई येणाराय. तिला एकदा दाखवायचंय. तिनं ते स्वतः उघडलं की मग न्या."

"पाच वर्षांत नाही दाखवलं?"

"ती येत नव्हती. आता येती म्हणली."

"मंगळवार म्हणजे मंगळवार," मी म्हणालो. "बापटांना हो म्हणाला असतात तर आईला घरी घेऊन दिलं असतं मशीन."

'हौ' म्हणाले आणि आत गेले.

जानेवारीचे दिवस होते. नामांतर झालं होतं. खेड्यापाड्यांतून एसट्या भरभरून येत होत्या, पांढरी लुगडी नेसलेल्या बायांनी स्टेशन रोड फुलला होता. सोमवारी दुपारी, टेम्पोच्या आदल्याच दिवशी, त्यातली एक म्हातारी माझ्या इन्स्टिट्यूटच्या पायरीवर येऊन उभी राहिली. बारीक, काटक. पायरीच्या वर पाऊल टाकलं नाही. आत डोकावून म्हणाली, "उत्तम हाय का?"

सर धावत आले. "आई, आत ये."

"हितनंच दिसतंय मला. त्योच का तुजा डबा?" तिने हात लांब करून दाखवलं. बोट पहिल्या पेराशी डावीकडे वळलेलं होतं.

मी त्या बोटाकडे बघतच राहिलो. रोज सांगत होतो, सरळ करा, सरळ करा.

सर तिला ओढत नव्हते, आग्रह करत नव्हते, नुसते दारात उभे होते. ती पायरीवर. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मावशी, वाट अडवून उभ्या राहू नका. धंद्याची वेळ हाय. आत या." ती हसली, चप्पल काढली आणि आत आली.

खुर्चीच्या कडेवर बसली. सरांनी माऊस पुढे सरकवला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. सरळ काचेवर बोट टेकवलं, अंगणातल्या दारावर. त्या काळी काचेला बोट लावून काय होणार. मशीनला बोट कळत नाही, माऊस कळतो.

मी सांगायला तोंड उघडलं. सरांनी बोटानेच थांबवलं. त्यांनी माऊस उचलून आपल्याकडे, तिच्या पाठीमागच्या स्टुलावर घेतला. हळूहळू पडद्यावरचं वाकडं बोट तिच्या बोटाखाली आणलं. काचेच्या वर एक, खाली एक. दाबलं. करर्र.

"अगं बया," ती म्हणाली. मग पुढे वाकली. "ह्ये पाटलाचं घर हाय."

"हौ."

"ही वसरी. ही मी सारवायची. हितवर." तिने ओसरीची कड दाखवली. मग आतल्या दाराकडे बघत बसली. "ह्याच्या आत काय हाय?"

"उघड की."

तिने बोट ठेवलं. सरांचा हात स्टुलावर फिरला. करर्र. माजघर. तिने त्याच्या आतल्या दारावर बोट ठेवलं. ते उघडायला जरा वेळ लागला, पट्टी पट्टी करत. ती थांबून राहिली. आत स्वयंपाकघर होतं.

"तू कवा गेलतास हितं?"

"गेलो न्हाई. मनानंच काढलं."

तिने तोंड काचेजवळ नेलं आणि कपाळाला आठी घातली. "चूल ह्या कोन्यात मांडलीस व्हय रं? मग धूर कुठनं जाईल? आतली बाई गुदमरून मरंल."

"आत कसं असतंय, तुला काय म्हाईत?" सर म्हणाले.

"आतलं मला म्हाईत न्हाई. धूर म्हाईत हाय. अंगणात शेण सारवताना रोज दिसायचा वर जाताना. उगवतीच्या अंगानं जायचा. चूल तिकडंच असणार." आणि तिने काचेवर बोट ठेवून जागा दाखवली. बराच वेळ ठेवलं. मग लुगड्याने काच पुसली, उठली आणि म्हणाली, "बाकी चांगलं हाय. कुलपं न्हाईत ते बरं केलंस."

सर तिला स्टँडवर सोडायला गेले.

मंगळवारी जिंतूरचा छापखानेवाला टेम्पो घेऊन आला. मी टेम्पोशी जाऊन त्याचा इसार परत दिला आणि मशीनचा असा काही भाव सांगितला की तो टेम्पोतून खालीही उतरला नाही. जाता जाता शिव्या दिल्या. मीही दिल्या. हातचं गिऱ्हाईक घालवण्याचा मला सराव नव्हता, त्यामुळे जरा जास्तच दिल्या.

आत गेलो. सर चौकटीचा कागद पुढे घेऊन बसले होते. चूल खोडली होती आणि उगवतीच्या भिंतीला नवीन काढायला घेतली होती. वर धुराला जागा ठेवली होती.

"बापटांना आता तरी पत्र टाकतो," मी म्हणालो. "एक कुलूप काढा."

"हौ," सर म्हणाले, आणि एक चौकोन काळा केला.

माझा राग तसाच आहे, तो सौदा आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हाही गेली. मी तणतणत दारात आलो. समोर रशीदभाई किटली घेऊन माझ्याकडेच बघत होता. हाक मारायला तोंड उघडलं, आणि कोण जाणे का, मिटलं. त्याला दोन बोटं दाखवली.

दोन्ही चहांवर साय आली.